प्रागमधल्या तीन रात्री : स्वस्त हॉस्टेल निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला एम.एस्सी. करणारी 24 वर्षांची लेक, तिला भेटायला सांगलीहून आलेली 58 वर्षांची आई आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी. तिघी माझ्या ओळखीतल्या. कोण ते कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, पण निर्णय जसे झाले तसेच मांडले आहेत.

ड्रेस्डेनला आलेला पाहुणा प्रागला जातोच. रेल्वेने साधारण अडीच तास. गाडी एल्बे नदीच्या काठाने जाते, सीमा ओलांडली की तीच नदी लाबे होते, आणि युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा असल्यामुळे चेक प्रजासत्ताकासाठी वेगळी परवानगी लागत नाही. ऑक्टोबरमधला एक गुरुवार ते रविवार ठरला. लेक आठवड्याचे काही तास नोकरी करते. त्या पगारातून राहण्यासाठी तिने 300 युरो बाजूला काढले होते. ‘आईकडून एक पैसा घ्यायचा नाही’ हे तिने आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे हा आकडा फारसा ताणता येण्यातला नव्हता.

आईचे गुडघे दुखतात. एक मजला ती सावकाश चढते, तीन नाही. रात्री एकदोनदा उठावं लागतं. दोघी बहिणी शाकाहारी, आणि दिवसभर कितीही पाव-चीज खाल्लं तरी संध्याकाळी गरम भात हवाच. मावशी मात्र काटक. कॉलेजात असताना ती यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकला गेली होती. ‘मी तंबूत झोपलेय गं, माझी काळजी करू नकोस,’ असं ती पहिल्याच फोनवर म्हणाली. आईचं म्हणणं वेगळं होतं: ‘परक्या मुलामुलींच्या खोलीत मला झोप लागायची नाही.’

अडचण

लेक स्वतः हॉस्टेलांमध्ये, म्हणजे खाटेमागे भाडं घेणाऱ्या प्रवाशांच्या निवासांत, राहिलेली. तिने नेहमीच्या सवयीने हॉस्टेलांचं संकेतस्थळ उघडलं, गुणांप्रमाणे क्रम लावला आणि सगळ्यात वर आलेलं निवडलं. प्रागच्या जुन्या शहरात, दलौहा नावाच्या रस्त्याजवळ, 10 पैकी 9.3 गुण, आठ जणांच्या मिश्र खोलीत एका खाटेला 24 युरो. तिघींचे रात्रीला 72. चौकातलं खगोलीय घड्याळ पाच मिनिटांवर. तिने मला दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, हे घेऊन टाकू का? तीनच खाटा उरल्यात.’

मी तिला आधी ते 9.3 उलगडून बघायला सांगितलं. हॉस्टेलवर्ल्डसारख्या बुकिंगच्या संकेतस्थळांवर एकूण गुण हे वेगवेगळ्या गोष्टींच्या गुणांची सरासरी असतात: सुरक्षितता, जागा, कर्मचारी, वातावरण, स्वच्छता, सोयी, पैशाचं मोल. इथे ‘वातावरण’ जवळजवळ दहा होतं आणि ‘स्वच्छता’ त्याच्या बरीच खाली. वातावरणाला दहा गुण देणारा पाहुणा बहुधा एकट्याने फिरणारा विशी-पंचविशीतला असतो, आणि तळमजल्यावरच्या बारमध्ये रात्री एक वाजता ओळखी झाल्या याचा त्याला आनंद असतो. त्याचा आनंद खरा आहे. पण त्याच बारच्या वर आईला झोपायचं होतं.

मग तिने गेल्या तीन-चार महिन्यांतल्याच प्रतिक्रिया वाचल्या, आणि त्यातही ‘आवाज’, ‘जिना’, ‘ढेकूण’ हे शब्द शोधून. ढेकणांची तक्रार नव्हती. आवाजाच्या मात्र भरपूर होत्या. एकीने लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावर बॅग चढवताना हात भरून आले. लिफ्टचा उल्लेख कुठेच नव्हता. आणि नियमांच्या पानावर तळाशी एक ओळ होती: सामायिक खोल्यांसाठी वयोमर्यादा 18 ते 45.

ती ओळ वाचून लेक हादरली. प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट बघितल्यावर आईला आणि मावशीला खोली नाकारली गेली असती, तीही रात्री, आणि पैसे बहुतेक परत मिळाले नसते. अशी अट सगळीकडे नसते, पण बऱ्याच खासगी हॉस्टेलांत असते. आपल्याकडे गोंधळ होतो तो यूथ हॉस्टेलमुळे. ही चळवळ जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने सुरू केली आणि 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह उघडलं. आपली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याच आंतरराष्ट्रीय परिवारातली. मावशीच्या डोक्यात हॉस्टेल म्हणजे ते: शिस्त, लवकर दिवे बंद, सगळ्या वयाची माणसं. युरोपातल्या राजधान्यांमधली आजची खासगी हॉस्टेलं हा वेगळा धंदा आहे. त्यातली काही शांत आहेत, काही मुद्दाम पार्टीसाठी चालवली जातात, आणि जाहिरातीतले फोटो दोन्हींचे सारखेच दिसतात.

समोर असलेले पर्याय

दलौहा बाद झाल्यावर लेकीने चार पर्याय काढले.

प्रागच्या झिझकोव्ह भागातलं एक मोठं हॉस्टेल. चार खाटांची, फक्त बायकांची खोली, खाट 21 युरोला. गुण 8.2, म्हणजे पहिल्यापेक्षा कमी, पण स्वच्छता आणि सुरक्षितता दोन्हींचे गुण चांगले. लिफ्ट होती. दारापासून ट्राम जवळ. अडचण एवढीच की चौथ्या खाटेवर कोण येईल ते सांगता येत नाही. यावर मावशीनेच तोडगा सुचवला: ‘चौथी खाटही आपणच घेऊ. बॅगा ठेवू तिच्यावर.’ चार खाटांचे 84 युरो, आणि खोली पूर्ण आपली. हा हिशेब मला फार आवडला. तीन माणसं असली की तो आवर्जून करून बघावा.

दुसरा पर्याय विनोह्राडी भागाच्या कडेला, इ. पे. पावलोवा मेट्रो स्थानकाजवळ. लहान हॉस्टेल, जुन्या इमारतीत. चार खाटांची स्वतंत्र खोली, न्हाणीघर सामायिक पण समोरच, रात्रीला 96 युरो. स्वयंपाकघर होतं. रिसेप्शन रात्री दहापर्यंतच.

तिसरा, भाड्याचा फ्लॅट. रात्रीला 78 युरो दिसत होते, पण शेवटच्या पानावर साफसफाईचे 45 युरो वेगळे लागले आणि रात्रीचा भाव 93 वर गेला. किल्ली दाराशेजारच्या पेटीत. रविवारी सकाळी खोली सोडल्यावर दुपारच्या गाडीपर्यंत बॅगा कुठे ठेवायच्या, याचं उत्तर नव्हतं. रद्द केल्यास पैसे परत नाहीत. आईची तब्येत बघता ही शेवटची अट मला सगळ्यात जास्त खटकली.

चौथा, शहराच्या टोकाला असलेलं साधं हॉटेल, न्याहारीसकट 110 युरो. आराम होता, पण मध्यवर्ती भागापर्यंत पाऊण तास, आणि स्वयंपाक करता येणार नाही म्हणजे दोन्ही वेळचं जेवण बाहेर. तिघींच्या बाहेरच्या जेवणाचा खर्च मांडला की हाच पर्याय सगळ्यात महाग पडत होता.

निवड कशी झाली

इथे लेकीने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. दिवसभर कुठे फिरायचं याचा विचार तिने बाजूला ठेवला आणि तीन वेळा कागदावर लिहिल्या: पोहोचतानाची संध्याकाळ, आई रात्री उठते ती वेळ, आणि रविवारी खोली सोडल्यापासून गाडी सुटेपर्यंतचे तास. दिवसभर माणूस बाहेरच असतो. हॉस्टेल बरं की वाईट ते याच तीन वेळांना कळतं, आणि तेही बरोबरच्या सगळ्यात नाजूक माणसाला.

या कागदावरून तिने झिझकोव्हला आणि विनोह्राडीला सारखीच ई-मेल पाठवली. प्रश्न पाच होते. लिफ्ट इमारतीच्या दारापासून आहे का, की मध्ये पायऱ्या आहेत? दोन्ही पाहुण्यांना खालची खाट नक्की मिळेल का? रात्री दहानंतर पोहोचलो तर आत कसं यायचं? स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत उघडं, आणि शेगडी कसली? शेवटच्या दिवशी बॅगा ठेवायला कुलपाची जागा आहे का?

झिझकोव्हहून दुसऱ्या दिवशी साचेबद्ध उत्तर आलं: सोयींची माहिती संकेतस्थळावर आहे, खाटांची हमी देता येत नाही. विनोह्राडीहून त्याच संध्याकाळी एका माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. त्यात होतं की लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते, त्याआधी सात पायऱ्या आहेत, कठडा आहे, आणि लिफ्टमध्ये दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक मोठी बॅग मावते. प्रागच्या जुन्या चाळवजा इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते, त्यामुळे हे असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर विसंबून राहिलेल्या माणसाला त्या सात पायऱ्या तिथे गेल्यावरच कळतात. दोन खालच्या खाटा राखून ठेवतो, उशीर झाला तर दाराचा कोड पाठवतो, शेगडी इंडक्शनची आहे, स्वयंपाकघर दहाला बंद, बॅगांची खोली फुकट, असंही लिहिलं होतं.

रात्रीला फरक 12 युरोंचा, तीन रात्रींचे 36. लेक अडली. झिझकोव्ह तिला सोडवेना. आईला विचारलं तर आई म्हणाली, ‘स्वस्त असेल ते घे, मी घेईन सांभाळून.’ आई असं म्हणणारच, त्यामुळे या बाबतीत आईचं ऐकू नये असं मी लेकीला स्पष्ट सांगितलं. तिने 36 युरो जास्त देऊन विनोह्राडी घेतलं. त्याला आणखी एक कारण होतं. ड्रेस्डेनची गाडी मुख्य स्थानकाच्या आधी प्राग-होलेशोविचला थांबते. तिथे उतरलं तर मेट्रोची क मार्गिका थेट इ. पे. पावलोवापर्यंत जाते, मध्ये कुठेही बदलायची नाही.

एकूण खर्च 288 युरो. शिवाय प्रागचा स्थानिक कर, 2022 पासून प्रौढ माणशी दर रात्री 50 कोरुना (चेक चलन), म्हणजे तिघींचे तीन रात्रींचे 450. एका युरोला साधारण 25 कोरुना धरले तर 18 युरो. हा कर बहुतेक वेळा बुकिंगच्या रकमेत नसतो, तिथे गेल्यावर द्यावा लागतो. बजेट सहा युरोंनी ओलांडलं गेलं.

प्रत्यक्षात काय घडलं

गुरुवारी गाडीला तासाभराहून जास्त उशीर झाला. होलेशोविचला उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजून गेले होते. मेट्रो मध्यरात्रीपर्यंत चालते, तो प्रश्न नव्हता. दाराचा कोड फोनवर आला होता, चादरी खाटांवर होत्या, किल्ली रिसेप्शनच्या खणात नाव लिहून ठेवली होती. इ. पे. पावलोवाच्या चौकातून हॉस्टेलपर्यंतचा फुटपाथ प्रागच्या पद्धतीने लहान दगडी चौकोनांचा होता, त्यावर चाकांच्या बॅगा खडखडत होत्या. सात पायऱ्या आईने कठडा धरून चढल्या. आधीच माहीत असल्यामुळे मावशीने बॅग घेतली होती.

खोलीत शिरल्यावर लेकीने बॅगा खाटांवर ठेवू दिल्या नाहीत. आधी चादर वर करून गादीच्या शिवणी आणि खाटेच्या फटी फोनच्या उजेडात बघितल्या. ढेकणांचे काळे ठिपके असतात, ते तिथेच सापडतात. काही नव्हतं. हे करायला पाच मिनिटं पुरतात आणि कुठल्याही हॉस्टेलात, कितीही गुण असले तरी, हे करावंच.

मग दिवे घालवले आणि आवाज सुरू झाला. पार्टीचा नव्हता. खोली रस्त्याकडे होती. इ. पे. पावलोवाच्या चौकातून प्रागची उत्तर-दक्षिण महामार्गासारखी वाहतूक सोकोल्स्का आणि लेगेरोव्हा या रस्त्यांनी जाते, आणि ट्रामही रात्रभर चालतात. वळणावर ट्रामची चाकं करकरतात. आई दोनपर्यंत जागी होती. सकाळी लेकीने रिसेप्शनवर सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, फक्त विचारलं की आतल्या बाजूला खोली आहे का. दुपारी त्यांनी अंगणाकडची खोली दिली. तिथे इतकी शांतता होती की मावशीचं घोरणं ऐकू आलं, असं आईने मला नंतर सांगितलं.

पैसे देताना कार्डाच्या यंत्राने विचारलं, युरो की कोरुना? लेकीने कोरुना दाबलं. युरो निवडले की यंत्र स्वतःच्या दराने रूपांतर करतं आणि तो दर जवळजवळ नेहमी वाईट असतो.

स्वयंपाकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसांना हॉस्टेल परवडतं ते बरंचसं स्वयंपाकघरामुळे. आईने सांगलीहून अडीच लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर आणला होता आणि तो प्रागला न्यायचा तिचा बेत होता. शेगडी इंडक्शनची आहे हे ई-मेलमध्ये कळलं म्हणून तो ड्रेस्डेनलाच राहिला. साधं अॅल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही. त्याऐवजी लेकीचं लोहचुंबक चिकटणारं स्टीलचं पातेलं नेलं. शुक्रवारी संध्याकाळी मुगाची खिचडी झाली. मावशीने वरून मोहरी-लाल मिरचीची फोडणी दिली आणि धूर जिन्यापर्यंत गेला. रिसेप्शनवरचा मुलगा धावत आला, खिडकी उघडली, मार्गिकेतला धुराचा गजर वाजू नये म्हणून दार लावून घ्यायला सांगितलं. मावशीने त्याला वाटीभर खिचडी दिली. तो उभ्या उभ्या खाऊन गेला. शनिवारी फोडणीऐवजी मेतकूट-भात आणि लोणचं केलं.

सामायिक न्हाणीघराचं आईला जास्त दडपण होतं. प्रत्यक्षात ते जमलं. आतून कडी लागत होती, कपडे टांगायला खुंट्या होत्या. बादली-तांब्या अर्थातच नाही, पाण्यासाठी दोघींनी रिकामी बाटली बरोबर ठेवली होती. टॉवेल भाड्याने मिळत होते, पण तेही घरूनच नेले होते. कपाटाचं कुलूप स्वतःचं लागतं, हेही लेकीला माहीत होतं.

रविवारी दहाला खोली सोडली, बॅगा बॅगांच्या खोलीत ठेवल्या, 22 नंबरच्या ट्रामने किल्ल्यापर्यंत जाऊन आल्या. ही ट्राम जवळच्या चौकातूनच जाते, आणि प्रागचा किल्ला उंचावर असल्यामुळे चढण टळली. आईने त्या तीन दिवसांत गुडघ्याची गोळी एकदाच घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

पाच प्रश्नांत सहावा हवा होता: खोली रस्त्याकडे की अंगणाकडे? प्रागच्या, किंवा व्हिएन्ना-बुडापेस्टच्या, जुन्या इमारती मधल्या अंगणाभोवती बांधलेल्या असतात. एकाच हॉस्टेलातल्या दोन खोल्यांमधला फरक कधी कधी दोन हॉस्टेलांमधल्या फरकाहून मोठा असतो. प्रतिक्रियांमध्ये ‘आवाज’ शोधताना लेकीच्या मनात फक्त बार होता. त्याच हॉस्टेलच्या एका प्रतिक्रियेत वाहतुकीचा उल्लेख होता, पण तो नजरेतून सुटला. नकाशावर चौकाच्या कडेने जाणारे जाड रस्ते दिसत होतेच.

दुसरं, वार. गुरुवार ते रविवार याऐवजी रविवार ते बुधवार गेल्या असत्या तर हीच खोली रात्रीला 78 युरोला होती. तीन रात्रींचे 54 युरो वाचले असते. मंगळवारी लेकीची प्रयोगशाळा होती म्हणून ते जमलं नाही. ती एक दिवस बदलून घेता येईल का, हे तिने विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

जुन्या शहरातल्या रात्रीच्या गोंधळाबद्दल एक सांगायला हवं. 2024 च्या शेवटी प्रागने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आयोजित बारफेऱ्यांवर, म्हणजे गटाने एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेणाऱ्या फेऱ्यांवर, बंदी घातली. त्यामुळे त्याआधीच्या प्रतिक्रिया आणि नंतरच्या प्रतिक्रिया सारख्या मोजू नयेत. पण बार बंद झालेले नाहीत, आणि हॉस्टेलच्या पोटातच बार असेल तर या नियमाचा काही उपयोग नाही.

झिझकोव्हचा चौथ्या खाटेचा पर्याय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तिथे आईशिवाय मावशी आणि लेक दोघीच गेल्या असत्या, तर मी तोच घ्यायला सांगितला असता, आणि दोन खाटाच. विनोह्राडीचं पारडं जड झालं ते त्या सविस्तर उत्तरामुळे. जो माणूस सात पायऱ्या मोजून लिहितो, तो रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी किल्लीवर नावही लिहून ठेवतो, असा लेकीचा अंदाज होता, आणि तो खरा ठरला.

मावशी पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, या वेळी बुडापेस्टसाठी. ई-मेल तीच पाठवायची ठरलं आहे, सहा प्रश्नांची, आणि जाणं सोमवारी.